चौदा जणांचं मीठ

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी बायको प्रभावती म्हणते, आणि ते खोटं नाही. मला एका जागी बसवत नाही. एखादी गोष्ट मनासारखी होईना की डोकं फिरतं, आणि फिरलं की तोंड सुटतं. मास्तरकीला हा स्वभाव बरा नव्हे. पण १९५७ साली आमच्या वस्तीतल्या मॅट्रिक झालेल्या पोराला जी नोकरी मिळाली ती हीच. शाळाही अशी, की आधीचे तीन मास्तर सहा-सहा महिन्यांत बदली करून घेऊन पळाले होते. बोरी अरबहून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा तांडा, तांड्याच्या कडेला एक खोली, खोलीत एक फळा, आणि पटावर चौदा पोरं.

पटावर चौदा, समोर मात्र कधी पाच तर कधी तीन. कापूस फुटला की अख्खं घर वेचणीला जायचं आणि पोरं आयांच्या मागं ओटी बांधून कापूस वेचायची. मी घरोघर फिरून ओरडायचो, लोक मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच पोरं.

रोज येणारी एकच होती. मानी. रूपसिंगची मुलगी, वय अकराच्या आसपास. तिला गप्प बसवणं कठीण होतं. मी एका काचेच्या बरणीत खाली काकवी, तिच्यावर पाणी आणि पाण्यावर जवसाचं तेल असे थर करून दाखवले. बाकीची दोन पोरं नुसती बघत राहिली. मानीनं बरणीला नाक लावलं आणि विचारलं, "गुरुजी, तेल पान्यावर राह्यते, मंग तेलानं भरलेली शिशी पान्यात काहून बुडते?"

मला लगेच सांगता आलं नाही. घरी येईपर्यंत सायकलवर तोच विचार. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, बुडवते ती शिशीची काच, तेल नव्हे. मग आम्ही तेल भरलेला वाळका भोपळा पाण्यात टाकला, तो तरंगला, आणि मानी अशी हसली की मला वाटलं, या एका पोरीसाठी दोन कोस काय, चार कोससुद्धा यावं.

त्याच आठवड्यात रूपसिंग शाळेत आला. सरळ, कष्टाळू माणूस. दारातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, अजून पंधरा दिस. मंग मानीले केळापूरकडं धाडतो, तिच्या आत्याच्या घरी. बहीन बाळंतपनापासून खाटेले लागली. लेकरू पाहाले कोनी नाई."

मी तोंड सोडलं. पोरगी हुशार आहे, चौथी पास होईल, तिचं नुकसान करतोस, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं हाय," तो म्हणाला. "पन तिकडं लेकरू रडते, ते बी खरंच हाय ना, गुरुजी."

तो गेल्यावर मी खोलीत येरझारा घालत राहिलो. मग ठरवलं, असा प्रयोग करायचा की सारा तांडा बोलला पाहिजे. पोरं आपणहून आली पाहिजेत. रूपसिंगलाही वाटलं पाहिजे की इथं काहीतरी चाललंय.

प्रयोग तसा साधाच. साध्या पाण्यात अंडं बुडतं. पाण्यात मीठ विरघळवत गेलं की पाणी जड होत जातं, आणि एका क्षणी अंडं आपोआप वर येतं. मी मानीला सांगितलं, तांड्यात सगळ्यांना सांग, गुरुवारी गुरुजी अंड्याला पोहायला लावणार आहेत. येताना ज्यानं त्यानं आपापल्या घरून अर्धी मूठ मीठ आणायचं.

गुरुवारी चौदाच्या चौदा पोरं आली. आणि मी उपरण्यात गुंडाळलेलं अंडं तेवढं घेऊन पोचलो, कारण बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घसरून बरणी फुटली होती. बोरीच्या हॉटेलवाल्याच्या हातापाया पडून मिळवलेली ती बरणी. रस्त्यात काचा वेचतानाच माझं डोकं तापलं होतं.

आता भांडं कुठून आणायचं? इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी पिण्याचं पाणी रोज घरून न्यायचो. तांड्यात कधी मागितलं नव्हतं. आम्ही आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध झालो, पण जात अशी एका वर्षात लोकांच्या डोळ्यांतून जात नाही. मागितलं आणि नाही म्हणाले तर? ते मला बघायचं नव्हतं. म्हणून कधी विचारलंच नाही.

त्या दिवशी मात्र चौदा पोरं मुठी आवळून समोर बसलेली. मी म्हणालो, "एक लोटा लागेल. पाणी भरून." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हलेना. मग मानी उठली आणि पळत गेली. ती परत येईपर्यंत मी खिडकी ते दार, दार ते खिडकी किती वेळा केलं असेल, देव जाणे. देव म्हणायची जुनी सवय अजून सुटली नाही.

मानी आली. रुंद तोंडाचा पितळी लोटा, चिंचेनं घासलेला, काठोकाठ भरलेला. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. तांड्यातल्या घरचा लोटा माझ्या हातात होता. त्या आनंदात मी आंधळाच झालो म्हणा ना. लोटा ठेवल्याबरोबर पोरं उभी राहिली, पोरींनी डोक्यावर पदर घेतले, लहानग्या लखीरामनं पायजम्याला हात पुसले. हे सगळं मला दिसलं, पण त्याचा अर्थ काय हे विचारायचं सुचलं नाही.

मी अंडं सोडलं. ते तळाला गेलं आणि दिसेनासं झालं.

"आता एकेकानं यायचं," मी म्हणालो. "मीठ टाकायचं." आणि माझ्या मास्तरकीची खोड आडवी आली. मी फुकटात काही देत नाही. "मीठ टाकताना मोठ्यानं म्हणायचं, रोज शाळेत येईन. म्हणणार नाही त्याला अंडं बघायला मिळणार नाही."

पोरं एकेक करून आली. मीठ टाकलं, हळू आवाजात म्हणाली, "रोज शाळेत येईन." मी तुराटीच्या काडीनं ढवळत होतो. नऊ जण झाले तरी अंडं तळालाच. बारावा आला तेव्हा पाण्यात काहीतरी पांढुरकं हललं. शेवटची मानी. तिनं मूठ उघडली, माझ्याकडं बघत खणखणीत आवाजात म्हटलं, "रोज शाळेत येईन," आणि अंड्याचं डोकं लोट्याच्या तोंडाशी आलं.

"पाणी तेच, अंडं तेच," मी म्हणालो. "मग झालं काय? पाणी जड झालं. अंड्याहून जड झालं, म्हणून त्यानं अंड्याला उचललं."

कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलं नाही, मानीनंसुद्धा नाही. मला वाटलं, विज्ञानानं पोरं दिपून गेली. लोटा फळ्याखाली ठेवायला सांगितला. पोरांनी तो पळसाच्या पानानं झाकला आणि अगदी जपून कोपऱ्यात ठेवला. तेही मला फार गोड वाटलं.

शुक्रवारी चौदा हजर, शनिवारी चौदा हजर. शनिवारी तर लखीरामला त्याच्या बापानं पाठीवर आणलं. पोराच्या अंगात हुडहुडी भरलेली, दात वाजत होते. बाप त्याला ठेवून निघून गेला. मी पोराला म्हटलं, घरी जा. "नाई गुरुजी." अरे ताप आहे तुला. "नाई गुरुजी." मी रागावलो तर रडायला लागला, पण उठेना. मी त्याला पोत्यावर निजवून माझं उपरणं अंगावर घातलं आणि मनात म्हटलं, बघा, शिक्षणाची गोडी लागली की असं होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. हे लिहिताना आज लाज वाटते.

सोमवारी पोचलो तर पायरीवर तांड्याचा नायक, लालसिंग, बसलेला. साठीचा माणूस. तांड्यातले तंटे तोच सोडवायचा, आणि त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"काल कुठं होते, गुरुजी?"

"काल रविवार होता."

"रविवार रोजात येत नाई काय?" त्यानं शांतपणे विचारलं. "पोट्टे दिसभर इथंच बसून होते. तापातलं पोट्टं बी. शाळेले कुलूप आनि हे पायरीवर."

मला काही उमगेना. मग त्यानं सांगितलं. लोट्यात आपल्या घरचं मीठ टाकून जे बोललं जातं, ती त्यांच्यात शपथ असते. सगळ्यात मोठी. मोडली तर माणूस त्या मिठासारखा विरून जातो. जमिनीचा तंटा असो की खुनाचा संशय, लोटा मांडायचा तो अगदी शेवटचा उपाय म्हणून. दहा वर्षांत एखाद्या वेळी. आणि मी एका अंड्यासाठी चौदा लेकरांना एका सकाळी शपथ घ्यायला लावली होती.

"तीन घरं महागावकडं वेचनीले जानार होते, ते बसून राह्यले," नायक म्हणाला. "लेकरं सोडून कसं जाव? आनि लेकरं तं शाळा सोडत नाई."

"मला माहीत नव्हतं!" मी ओरडलो. "पोरांनी सांगायचं ना!"

"गुरुजीले कोन सांगीन? तुमी म्हनलं, त्याइनं केलं."

आणि मग व्हायचं तेच झालं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, हे सगळं थोतांड आहे, मिठानं कुणी विरत नसतं, सांगा पोरांना की काही होत नाही.

नायक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "असंल थोतांड," तो म्हणाला. "पन ज्यानं बांधलं त्यानंच सोडवाव लागते. तुमी सोडवा. ज्याचं त्याले मीठ परत दिलं का सुटलं. मुश्कील येवढीच का, मीठ तं पान्यात गेलं. ते काही परत येत नाई. म्हनून तं आमी मीठ धरतो."

"येतं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

त्यानं मान वर केली. "पान्यातून मीठ परत?"

"सगळंच्या सगळं. उद्या सकाळी कढई तयार ठेवा."

घरी आलो ते धुमसतच. प्रभावती भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर इकडून तिकडं फिरत सगळं सांगितलं, आणि वर म्हणालो, असल्या खुळ्या लोकांना शिकवायचं तरी काय.

"थोतांड म्हनलं तुमी त्याइले?" तिनं विचारलं.

"मग काय म्हणू?"

"मागच्या साली आपन नागपूरले उभं राहून बावीस प्रतिज्ञा बोललो. खोटं बोलनार नाई, हे बी त्यातच होतं. तवा तुमी एकेक शब्द जपून बोलून राह्यलते, म्या पाह्यलं. उद्या कोनी म्हनलं, हे नुसते शब्द हायत, काही होत नाई, तं?"

मी फिरता फिरता थांबलो.

"आनि त्या पोरीचं काय?" तिनं भाकरी उलटली. "समद्याइले सोडवलं का ते बी सुटली. मंग बाप तिले धाडते केळापूरले."

हेच मला खुपत होतं, आणि हेच मी मघापासून बोलत नव्हतो. शपथ आहे तोवर मानीला कुणी हलवू शकत नाही, तिचा बापसुद्धा. ती शपथ मी सोडवली की मानी गेली. नाही सोडवली, तर तो तापातला पोरगा रोज पायरीवर येऊन बसणार, आणि तीन घरांची वेचणी बुडणार. आणि त्या सकाळी मानीच एवढ्या मोठ्यानं का बोलली, तेही आत्ता माझ्या ध्यानात आलं. तिला ठाऊक होतं. त्यात घरचं मीठ टाकून बोललेलं बांधून टाकतं, हे लोटा आणतानाच ठाऊक होतं. मी जेवलो नाही. बाहेर जाऊन सायकलच्या साखळीला तेल घातलं, जे मी कालच घातलं होतं.

मंगळवारी सकाळी शाळेसमोर सारा तांडा जमलेला. तीन दगडांची चूल, शेजारी तुराट्यांचा भारा, नायकाच्या घरची मोठी लोखंडी कढई. लखीराम आईच्या मांडीवर पडून होता. मी कोपऱ्यातला लोटा बाहेर आणला, पळसाचं पान काढलं, अंडं उचलून बाजूला ठेवलं. आणि पोरांना समजावू लागलो, की पाणी तापलं की वाफ होऊन उडतं, पण मीठ उडत नाही, ते मागं राहतं.

मानी अगदी जवळ येऊन उभी राहिली. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "माहं एकटीचं मीठ पान्यातच राहू देता येते काय?"

"नाही गं," मी म्हणालो. मला तिच्याकडं बघवेना. "एकदा विरघळलं की कुणाचं कोणतं, ते निवडता येत नाही. सगळं पाणी सारखंच खारट होतं."

मी चुलीतला जाळ सारखा करायला वाकलो. पाठीमागं मोतीबाई, मानीची आई, ओरडली. वळून बघतो तर मानीनं लोटा दोन्ही हातांनी तोंडाला लावलेला. एक घोट, दुसरा, तिसरा. मी लोटा हिसकावून घेतला. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, सबंध अंगाला हिसका बसला. पण तिनं ओठ घट्ट मिटले आणि तळहात त्यांवर दाबून धरला.

"माहं मी नाई घेत परत," ती हाताआडून म्हणाली. "माहं पोटात हाय."

एकच गलका झाला. रूपसिंग पुढं आला. तिला मारील असं मला वाटलं, पण त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. नायकानं हात वर केला. "आधी कढई चढवा," तो म्हणाला. "बाकीचं मंग पाहू."

पाणी उकळायला लागलं. तासभर लागला. त्या तासात मला एका जागी उभं राहवेना. मी तुराट्या सारत होतो, उगाच कढई हलवत होतो, आणि डोळा सगळा मानीकडं. ती भिंतीला टेकून ओठ मिटून उभी होती. आईनं तांब्या पुढं केला तर मान हलवून नाही म्हणाली. हळूहळू कढईच्या कडांना पांढरं धरलं. मग बुडबुडे जाड झाले, तडतड आवाज आला, आणि तळाला मळकट मीठ उरलं. नायकानं बोटावर घेऊन जिभेला लावलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. या माणसाच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख तुडवला, आणि विरलेलं मीठ परत आलेलं त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं.

"मीठच हाय," तो लोकांना म्हणाला.

त्यानं स्वतः चौदा वाटे केले. एकेक पोर आलं, आपला वाटा मुठीत घेतला, "माहं परत घेतलं," म्हणालं आणि सुटलं. लखीरामच्या मुठीत त्याच्या आईनं मीठ ठेवलं. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मला जरा मोकळा श्वास आला.

चौदावा वाटा कढईत तसाच राहिला. मानी जागची हलली नाही.

"घे बाई," रूपसिंग म्हणाला. "तुहं इथंच हाय. तू पेली ते कोनाचं होतं, कोनाले मालूम? दुसऱ्या कोनाचं असंल." मग तो माझ्याकडं वळला. "व्हय ना, गुरुजी? तुमीच तं म्हनलं, निवडता येत नाई."

"सांगा, गुरुजी," नायक म्हणाला. "तुमचं शास्त्र काय म्हनते? तिच्या पोटात तिचं मीठ गेलं का नाई गेलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मानीही बघत होती. मी फक्त 'गेलं' एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. कुणाला कळणार होतं? पोरगी शाळेत राहिली असती, चौथी झाली असती, पुढं काय-काय झालं असतं. जीभ उचललीही. पण प्रभावतीचं बोलणं कानात होतं, आणि ज्या लोकांनी माझ्या एका शब्दापायी तापातलं पोर पायरीवर बसवलं, त्यांच्याशी मी खोटं कसा बोलू? मला तिचा राग आला, स्वतःचा राग आला, त्या शास्त्राचाही राग आला.

"नाही," मी म्हणालो. "तिचं सगळं तिच्या पोटात गेलेलं नाही. मीठ पाण्यात सगळीकडं सारखं पसरतं. तिनं तीन घोट घेतले, त्यात चौदाही जणांचं थोडं थोडं गेलं. तिचंही थोडंच गेलं. आणि राहिलेलं या चौदा वाट्यांत आलं."

मानीनं डोळे मिटले. रूपसिंगनं निःश्वास टाकला. मला वाटलं, संपलं. पोरीनं जिवावर उदार होऊन केलं आणि मी एका वाक्यात मोडून टाकलं.

नायक मात्र तसाच उभा होता. तो मनातल्या मनात काहीतरी मांडत होता. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "या लेकराइले जे परत भेटलं, ते पुरं नाई. जराजरासं कमी हाय. सगळ्याइचंच."

"हो."

"आनि ते कमी हाय, ते सगळं तिच्या पोटात."

"हो."

"मंग शपथ पुरी सुटली नाई." लोकांत कुजबूज सुरू झाली. त्यानं आवाज चढवला. "चौदा घरांचं थोडं थोडं बाकी हाय, आनि ते हे पोरगी घेऊन बसली. तं चौदा घरांच्या वाटचं तिनंच पुरं कराव. बाकीचे पोट्टे वेचनीले जावोत. मानी रोज शाळेत जाईन. तांड्याच्या वतीनं."

"आनि माही बहीन?" रूपसिंगचा आवाज फाटला. "तिचं लेकरू?"

नायकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुही पोरगी आमच्या घरचं मीठ वागवून राह्यली. तुह्या बहिनीचं आमी पाहू. आठ-आठ दिस एका घरची बाई जाईन केळापूरले. आधी माही सून जाते."

रूपसिंगनं होकार दिला नाही, नकारही दिला नाही. त्यानं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं, आणि घराकडं चालू लागला. मला त्याचं वाईट वाटलं. आनंद तर एवढा झाला होता की पाय जमिनीवर ठरेनात, आणि त्या आनंदाची शरमही वाटत होती. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर चौदा घरांचं ओझं चढलं, ते माझ्या खोडीनं आणि माझ्याच खऱ्या बोलण्यानं. मी सुटलो, तांडा सुटला, तीच तेवढी अडकली. तिला तेच हवं होतं, हे खरं. पण अकराव्या वर्षी माणसाला काय हवं असतं हे कितपत कळतं?

तासाभरात तांडा रिकामा झाला. महागावकडची घरं गाडग्या-मडक्यांसह निघाली, बाकीची जवळच्या शेतांत पांगली. मी कढई घासून नायकाच्या दारात ठेवून आलो तर खोलीत मानी नव्हती. शाळेच्या मागून आवाज आला. जाऊन पाहिलं तर ती भिंतीला एक हात लावून वाकली होती आणि ओकत होती. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर पडत होतं. मी तिचं कपाळ धरलं. तिचं अंग गार पडलं होतं. मी माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाशी लावलं. तिनं चूळ भरली, दोन घोट पिऊन तोंड पुसलं, आणि जमिनीकडं बघत राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "सगळं पडलं काय?"

आसपास कुणी नव्हतं. नायक नव्हता, तिचा बाप नव्हता, मला जाब विचारणारं कुणी नव्हतं. ती एकटी होती, आणि तिच्या डोळ्यांत अशी भीती होती की मला माझ्या सगळ्या विद्येचा वीट आला. ते मीठ जमिनीत जिरत होतं.

"सगळं नाही पडत," मी म्हणालो. "थोडं राहतंच."

"थोड्यानं भागते काय?"

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. "भागतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं पायानं माती ओढून ती जागा झाकायला सुरुवात केली. मीही झाकू लागलो. दोघांनी मिळून तिथं काही दिसणार नाही असं केलं. मग आम्ही आत गेलो आणि मी हजेरी घेतली.